मेणातले दात

माणसं बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघतात. आमचे हे दातांत बघतात. आम्ही पहिल्यांदा भेटलो तेव्हा मला वाटलं, किती लाजाळू माणूस आहे, नजर वर करतच नाही. लाजाळू कसले! नजर जिथे हवी तिथेच होती. माझ्या वरच्या पुढच्या दाताचा कोपरा लहानपणी नळाच्या तोटीवर आपटून उडालाय, तो बघणं चाललं होतं.

लग्नानंतर मी यांना म्हटलं, तुमच्या ओळखीत दातांचे एवढे डॉक्टर आहेत, हा कोपरा भरून घेऊ या का? तर म्हणाले, "मुळीच नाही. त्या कोपऱ्यामुळे तर तू तू आहेस." मी तेव्हा नवी होते, ऐकून मोहरून गेले. पुढे मुलगी झाल्यावर एकदा विचारलं, नंतर आणखी एकदा. उत्तर तेच. मग तो विषय मिटला आणि फोटो काढताना ओठ मिटून घ्यायची मला सवय लागली.

हे कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर नव्हेत. डॉक्टर माणसाच्या तोंडाचा ठसा घेतात, तो यांच्याकडे येतो आणि यांच्याकडून दात होऊन परत जातो. कारखाना म्हणायचा तो एवढ्याचसाठी की मालक त्याला कारखाना म्हणतात. चष्म्याच्या दुकानाच्या वर एक लांबोळकी खोली, एकच खिडकी, खिडकीशी यांचं टेबल. टेबलावर स्पिरिटचा दिवा, मेण कापायच्या सुऱ्या, आणि सगळ्यावर प्लास्टरची पांढरी भुकटी. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा सगळी फळी मला हसतेय असं वाटलं आणि पदर सारखा केला.

काम असं. ठशात प्लास्टर ओतून जबडा करायचा. त्यावर मेणाची हिरडी करून तिच्यात एकेक दात रोवायचा. ती मेणाची कवळी डॉक्टरांकडे जाते, माणसाच्या तोंडात घालून बघतात, माणूस आरशात बघून हो म्हणतो किंवा नाही म्हणतो. हो म्हटलं की ती यांच्याकडे परत. मग उकळत्या पाण्याने मेण काढायचं, त्या जागी गुलाबी प्लास्टिक भरायचं आणि शिजवायचं. मेणात दात हलतो, शिजल्यावर हलत नाही. म्हणून त्या खोलीत एकच नियम: पसंत झालेल्या मेणाला हात लावायचा नाही. यांच्या हाताखाली जो जो शिकला त्याला यांनी पहिल्या दिवशी हेच सांगितलं. घरी येऊन मलाही सांगितलं, आणि तेही इतक्यांदा की मी परीक्षेला बसले असते तर पास झाले असते.

पण या माणसाचं मन त्या कामात होतं आणि नव्हतंही. लोकांना हवे असतात पांढरे, सरळ, एकसारखे दात. यांना त्या सरळ ओळीचा मनस्वी तिटकारा. तिला हे 'कुंपण' म्हणायचे. संध्याकाळी घरी आले आणि मी विचारलं, काय केलंत दिवसभर, की म्हणायचे, "कुंपणं घातली, दुसरं काय." यांचं म्हणणं, प्रत्येक चेहरा आपले दात मागत असतो. एखाद्याला पुढे जरा फट हवी, एखाद्याला एक दात किंचित वळलेला हवा, म्हाताऱ्या माणसाच्या दाताची धार झिजलेलीच हवी. बसमध्ये, दुकानात, कुणाच्या मयताला गेलो तरी यांचं बघणं चालूच. एकदा माझ्या मावशीला जावई दाखवायला आणला तेव्हा हे मला हळूच म्हणाले, "मुलगा सज्जन आहे. रात्री झोपेत दात खातो तेवढंच." मावशीने ते ऐकलं. अजून दात धरून आहे.

काम नसलं की दुपारी हे मेणात दात लावत बसायचे. कुणासाठीच नाही, मनातल्या माणसांसाठी. मी एकदा डबा द्यायला गेले तर हातात असाच एक जबडा. मी विचारलं, "कुणाचा हा?"

"कुणाचाच नाही. एका भांडखोर बाईचा."

"म्हणजे माझा."

"तुझा नाही. ही बाई मनात भांडते."

खरं सांगते, त्या मेणाच्या दातांकडे बघून मला ती बाई दिसली. खालचा ओठ दाताखाली धरून गप्प बसलेली. आणि दुसऱ्या क्षणी यांनी तो जबडा दिव्यावर धरला, मेण पातळ झालं, दात टपटप बशीत पडले. माझा जीव कळवळला. म्हटलं, ठेवायचा होता की. तर म्हणाले, "जे कुणाच्या तोंडात जाणार नाही ते ठेवून काय करायचं?" मग दिव्याची वात खाली करत, "मी काही करतो का गं? की नुसतं लावतो?"

मी म्हटलं, "डबा गार होतोय." पण तो प्रश्न यांना आतून कुरतडत होता हे मला माहीत होतं.

आणि मग त्या बाईचा जबडा आला.

बाई कोण, कुठली, काही माहीत नाही, नुसता नंबर. दात काढून फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे प्लास्टरवर मुळांच्या जागा अजून दिसत होत्या. यांनी त्यावरून बोट फिरवलं आणि यांना कळलं, पुढचे दात गर्दी करून उभे होते. एक दुसऱ्यावर चढलेला, एक आत दबलेला, मध्ये एक बारीक फट. मला नंतर हे सगळं सांगितलं तेव्हा यांचा आवाज असा होता की जणू कुणी जुनी मैत्रीण भेटली. ठसा पाठवणाऱ्या डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी होती: सरळ ओळ. यांनी मुकाट्याने कुंपण घातलं. मेणाची कवळी गेली, बाईंनी आरशात बघितली, चिठ्ठी परत आली: पसंत.

त्या दुपारी मालक बाहेर गेले होते. यांनी पसंत झालेल्या मेणाला दिवा लावला.

पुढचा एक दात वळवला. शेजारचा त्याच्यावर किंचित चढवला. फट ठेवली. धारा घासून झिजवल्या, अगदी आयुष्यभर वापरल्यासारख्या. आणि मग मेण काढून शिजवून टाकलं.

संध्याकाळी घरात पाऊल टाकलं ते गुणगुणत. मला वाटलं, ताप आला की काय! जेवताना म्हणाले, "आज मी एक खरं काम केलं." आणि सगळं सांगितलं. मी हातातला घास खाली ठेवला.

"पसंत झाल्यावर? तुमचा नियम?"

"अगं, त्या बाईला तिचेच दात परत मिळणार आहेत. देवाने दिलेले. नको कोण म्हणेल?"

इतक्या वर्षांत या माणसाचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता. मग मीही म्हटलं, बरोबर आहे, नको कोण म्हणेल! त्या रात्री हे लहान मुलासारखे गाढ झोपले.

काही दिवसांनी हे चष्मा घरी विसरून गेले म्हणून मी तो द्यायला कारखान्यात गेले. जिना चढले तर आत माणसं. मालक उभे, हेही उभे, आणि खुर्चीवर एक वयस्कर बाई, नीटनेटकी साडी, केस चापून बसवलेले, तोंडावर हात. शेजारी तिची सून, रागाने लाल. टेबलावर रुमाल पसरलेला आणि रुमालावर ती कवळी. मी बघताक्षणी ओळखली. कुंपण नव्हतं ते. खरंच सुंदर होती हो. कुणीतरी नुकतंच हसून बाजूला ठेवल्यासारखी.

बाईंनी हाताआडूनच विचारलं, "भाऊ, तुम्हाला माझा जुना फोटो कुणी दिला होता का?"

"नाही," हे म्हणाले. आणि मग, मला ते अजून डोळ्यांसमोर दिसतं, यांचा चेहरा फुलला. "म्हणजे अगदी असेच होते?"

"अगदी असेच."

हे हसले. समोर बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हा माणूस हसला. मला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं, यांना नाही तर निदान मला.

बाई बोलायला लागल्या. आवाज इतका गोड आणि स्वच्छ की हाताखालच्या पोराने दात घासायचं यंत्रसुद्धा बंद केलं. "शाळेत मला करवत म्हणायचे," त्या म्हणाल्या. "करवत आली, करवत गेली. तेव्हापासून हसले की हात तोंडावर. टेलिफोनच्या ऑफिसात नोकरी धरली, का? तिथे माणसाचा फक्त आवाज जातो. लोक म्हणायचे, बाई, तुमचा आवाज काय सुंदर! मी मनात म्हणायचे, बरं आहे, आवाजच दिसतो तुम्हाला. दात काढले की माणसं रडतात. मी घरी जाऊन आरशासमोर बोळक्या तोंडाने हसले. आणि तुमचे ते मेणातले दात लावून बघितले ना, तेव्हा सुनेला म्हटलं, आता मी हसणार. बघशील, आता मी सगळ्यांदेखत हसणार."

हात काही तोंडावरून खाली आला नाही.

"आणि तुम्ही मला तेच परत बसवलेत."

मालक चाचरत म्हणाले, "तसं बघितलं तर अगदी नैसर्गिक झालेत, म्हणजे लोक उलट..." यांनी हाताने त्यांना थांबवलं. चेहरा राखेसारखा झाला होता.

"डॉक्टरीणबाईंची चूक नाही," हे म्हणाले. "मालकांचीही नाही. तुम्ही पसंत केलेले मी हलवले."

"पण का?" सून म्हणाली. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

यांच्या डोक्यात एवढी वर्षं साचलेलं सगळं होतं, चेहरे आणि कुंपणं आणि आपण काही करतो का हा प्रश्न. त्यातलं एकही त्या खोलीत बोलण्याजोगं नव्हतं. शेवटी म्हणाले, "मला बरं वाटलं म्हणून."

आम्ही घरी आलो. रस्ताभर मीच बोलत होते. मला राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं, म्हणून आधी त्या बाईवर काढला: एवढी कलाकुसर, कदर नाही, वगैरे. मग मालकांवर. मग सुनेवर. हे दारात चपला काढताना म्हणाले, "ती रडत होती आणि मी हसलो. तू पाहिलंस ना?"

पाहिलं नाही म्हणावं असं फार वाटलं. पण आपलेच दात, आपलेच ओठ. मी म्हटलं, "पाहिलं."

"मी नेहमी म्हणायचो, लोक मला मोकळीक देत नाहीत. मोकळीक घेतली ती कुठे घेतली बघ. दुसऱ्याच्या तोंडात."

नवी कवळी यांनीच केली. मालक दुसऱ्याला देत होते, यांनी देऊ दिली नाही. पुन्हा ठसा, पुन्हा मेण, पुन्हा पसंती, आणि त्यानंतर मेणाला फक्त पाणी लागलं. आयुष्यात घातलेलं सगळ्यात नेटकं कुंपण. मग जे कधी केलं नव्हतं ते केलं: डॉक्टरीणबाईंना विचारून स्वतः दवाखान्यात गेले आणि दाराशी उभे राहिले. मलाही ओढून नेलं. एकट्याने जायचा धीर नव्हता.

बाईंनी कवळी बसवली, आरसा घेतला आणि हसल्या. हात सवयीने वर आला. हनुवटीपर्यंत आला, तिथे जरासा थांबला, आणि खाली गेला. मग त्या एवढ्या मोठ्याने हसल्या की बाहेर बसलेली माणसं आत डोकावली. सून रडायला लागली. बाईंनी आजूबाजूला बघितलं आणि नेमकं यांनाच विचारलं, "चांगले दिसतात का हो भाऊ?"

"चांगले दिसतात," हे म्हणाले.

घरी येऊन खुर्चीत बसले. चहा दिला तो तसाच. म्हणाले, "त्या चेहऱ्याला ते दात अजिबात शोभत नाहीत. आणि बाई किती सुंदर दिसत होती."

"मग झालं तर."

"झालं कुठे? मला अजूनही पहिलेच बरे वाटतात. तिचं हसू बघून आलो, तरी. मला त्याचीच लाज वाटते. चूक केली ती कबूल केली, सुधारली. पण आत जो बसलाय तो सुधारत नाही."

ती पहिली कवळी मालकांनी मोडून टाका म्हटलं होतं. यांना मोडवली नाही. ती रुमालात गुंडाळून घरी आणली आणि न्हाणीघराच्या फळीवर, दाढीच्या सामानामागे ठेवली. तिचीही लाज वाटते यांना. मी फळी पुसते तेव्हा हे दुसरीकडे बघतात.

त्यानंतर दुपारी मेणात दात लावणं बंद झालं. बसमध्ये हे खिडकीबाहेर बघायला लागले. आधी मी या खोडीवर किती चिडायचे, आणि आता ती गेल्यावर माझंच जेवणात लक्ष लागेना. शेजारीण म्हणाली, तुमच्या यांची तब्येत बरी नाही का? मी म्हटलं, तब्येत बरी आहे, माणूस बरा नाही.

मग एका रविवारी सकाळी मी कपडे वाळत घालून आत आले तर हे भिंतीसमोर उभे. भिंतीवर मुलीच्या लग्नातला आमचा फोटो आहे. वाटलं, मुलीची आठवण आली असेल.

"या फोटोत तू हसत नाहीयेस," हे म्हणाले.

"हसतेय की."

"ओठ मिटलेत."

मग पलीकडचा फोटो बघितला. मग कपाटावरचा. मग कपाट उघडून जुने फोटो काढले आणि पलंगावर मांडले. मुलगी कडेवर असलेला. नव्या घरासमोरचा. माझ्या बहिणीबरोबरचा. एकेक उचलून डोळ्यांजवळ नेत होते. दातांच्या मागे जगभर फिरलेला माणूस आपल्याच घरात दात शोधत होता आणि त्याला एकही सापडत नव्हता.

"हे कधीपासून?" आवाज अगदी खाली गेला होता.

मला म्हणता आलं असतं, काहीतरीच तुमचं, फोटोवाला मेला हसूच देत नाही. पण माझ्या हातात ओला टॉवेल होता आणि तो मी पिळत होते. कोरडा होईपर्यंत पिळला तरी पिळतच होते. मला वाटत होतं त्या नकाराचा माझा राग केव्हाच गेला. गेला नव्हता. शहाण्यासारखा खाली मान घालून बसला होता, एवढंच.

"तुम्ही नाही म्हणालात तेव्हापासून," मी म्हटलं.

"मला बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तीनदा. तुम्ही म्हणालात, त्यामुळे तर तू तू आहेस. मग मी म्हटलं, असेन. तुम्हाला जास्त कळतं."

हे पलंगावर फोटोंच्या मध्येच बसले. कान लाल झाले. त्या कारखान्यात बाईंसमोर राख झालेला चेहरा मी बघितला होता. हा त्याहून वाईट होता. तिथे निदान जाऊन माफी मागता आली होती, नवी कवळी करता आली होती. इथे पलंगभर फोटो पसरले होते आणि ते पुन्हा काढता येण्यातले नव्हते. मी टॉवेल दारावर टाकला आणि शेजारी जाऊन बसले. रागही होता आणि यांची दयाही येत होती, आणि दोन्हींपैकी एकही मी गिळला नाही.

"तुला तो कोपरा भरून हवा होता?"

"हवा होता."

"अजून हवाय?"

मला इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. म्हातारपणी काय करायचंय, असं तोंडात आलं होतं. पण मी म्हटलं, "हवाय."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तो भरला. चहा गार व्हायलाही जास्त वेळ लागतो. लहानपणापासूनची गोष्ट, आणि एवढ्यात संपली! आरसा हातात दिला. दात सरळ, पूर्ण, शेजारच्यासारखा. मी हसून बघितलं. मग पुन्हा हसून बघितलं. जीभ सारखी त्या कोपऱ्यावर जात होती आणि तिथे आता कोपरा नव्हता. ती अजूनही जाते. ते मी यांना सांगितलेलं नाही.

हे दाराशी उभे होते, तिथेच, जिथे त्या दिवशी उभे होते.

"कसा दिसतो?" मी विचारलं.

त्या बाईंशी बोलला ते सोडलं तर दातांच्या बाबतीत हा माणूस आयुष्यात कधी खोटं बोलला नव्हता. डॉक्टरांशी नाही, मालकांशी नाही, माझ्या मावशीशीसुद्धा नाही.

"छान दिसतो," हे म्हणाले. कान पुन्हा लाल झाले.

मी हसले, चांगले दात दाखवून हसले. आणि लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर हे पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघत होते. दाताकडे यांना बघवत नव्हतं.